घरात बंदूक आहे का?

नवा रुग्ण समोर बसला की झोप कशी लागते, भूक कशी आहे, दारू किती, आधी कुठली औषधं चालू होती, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, हे सगळं मी विचारत जाते. त्याच ओघात, आवाज न बदलता, पुढचा प्रश्न येतो : घरात बंदूक आहे का? दक्षिण इंडियानातल्या एका लहान शहरात मी मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. चहूकडे मका आणि सोयाबीनची शेती आहे, नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. इथे या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'हो' असंच येतं. कुणाकडे आजोबांकडून आलेली शॉटगन असते, कुणाकडे शिकारीची रायफल, कुणाच्या उशाशी पिस्तूल.

मिरजेला शिकताना आणि पुढे येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करताना हा प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता. बंदुकीचा परवाना मिळवणं ही आपल्याकडे मोठी यातायात असते, त्यामुळे तशी वेळच येत नसे. तिथे आम्ही खेड्यातून आलेल्या नातेवाइकांना विचारायचो, 'फवारणीचं औषध कुठे ठेवता?' रुग्ण घरी सोडताना ते कुलपात ठेवायला, नाहीतर शेजाऱ्याकडे द्यायला सांगायचो. इथे वस्तू बदलली, काळजी तीच राहिली.

अमेरिकेत कुठेही सामूहिक गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या दवाखान्यातला फोन खणखणत राहतो. टीव्हीवर कुणी म्हणत असतं, हा मनोरुग्णांचा प्रश्न आहे. कुणी म्हणतं, दोष मनोविकाराच्या औषधांचा आहे. कुणी म्हणतं, बंदुकांचा. तिकडे हा वाद रंगतो आणि इकडे माझे रुग्ण हवालदिल होतात. वर्षानुवर्षं सुरळीत औषध घेणारी, नोकरी करणारी, मुलं वाढवणारी माणसं विचारतात, 'डॉक्टर, मीही असं काही करीन का?' त्यांच्या या भीतीला खरं उत्तर द्यायचं, तर औषधांबद्दल जे ठाऊक आहे ते काही न लपवता सांगावं लागतं.

औषधांवरचा आरोप नवा नाही. आमच्या भागात तर तो घरचाच आहे. ओहायो नदी ओलांडली की केंटकीमधलं लुइव्हिल शहर लागतं. 14 सप्टेंबर 1989 रोजी तिथल्या एका छापखान्यात जोसेफ वेस्बेकर या कामगाराने आठ सहकाऱ्यांना गोळ्या घालून ठार केलं आणि मग स्वतःला संपवलं. तो प्रोझॅक हे नैराश्यावरचं औषध घेत होता. हे औषध तेव्हा अमेरिकेच्या बाजारात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि ते बनवणाऱ्या एली लिली कंपनीचं मुख्यालय आमच्याच इंडियानापोलिसमध्ये आहे. मृतांच्या कुटुंबीयांनी आणि जखमींनी कंपनीला कोर्टात खेचलं. 1994 मध्ये ज्यूरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला. पण निकालाआधीच कंपनी आणि फिर्यादी यांच्यात गुपचूप समझोता झाला होता, हे नंतर बाहेर आलं. औषध निर्दोष होतं की नव्हतं हे बाजूला ठेवलं, तरी अशा लपवाछपवीने लोकांचा विश्वास उडाला आणि तो अजून पुरता परतलेला नाही. आमच्या दवाखान्यातले जुने रुग्ण लुइव्हिलचं नाव आजही काढतात.

पुढे 1999 मध्ये कोलंबाइन शाळेतला संहार झाला. दोघा हल्लेखोरांपैकी एकाच्या रक्तात फ्लुव्होक्सामिन हे अँटिडिप्रेसंट सापडलं आणि संशयाला पुन्हा खतपाणी मिळालं. 2004 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, लहान आणि किशोरवयीन मुलांवर झालेल्या 24 चाचण्यांची आकडेवारी एकत्र तपासली. साधारण 4,400 मुलं त्या चाचण्यांत होती. अँटिडिप्रेसंट घेणाऱ्या मुलांपैकी चार टक्क्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तशी कृती दिसली. बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण दोन टक्के होतं. प्रत्यक्ष आत्महत्या एकाही मुलाने केली नव्हती. तरी त्या वर्षापासून या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापला जातो. 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू झाला. मी तो इशारा पालकांना स्वतः वाचून दाखवते.

त्या चौकटीमागचं माणूस कसं दिसतं, ते मी जवळून पाहिलं आहे. एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या पहिल्या वर्षातला मुलगा होता. (या लेखातल्या सगळ्या रुग्णांच्या ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत.) सर्ट्रालिन हे अँटिडिप्रेसंट सुरू करून दोन आठवडे झाले होते. तो खोलीत आला आणि खुर्चीत टेकलाच नाही. बसायचा, उठायचा, खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा. बसला तरी दोन्ही टाचा जमिनीवर थडथड आपटत राहायच्या. 'आतून कुणीतरी ढकलतंय मला,' तो म्हणाला, 'कातडी काढून बाहेर पडावंसं वाटतंय.' रात्री तो घरात येरझारा घालतो, असं वडिलांनी सांगितलं. त्याचं डिप्रेशन वाढलं नव्हतं. हा अकॅथिसिया होता, काही औषधांमुळे येणारी विलक्षण, असह्य अस्वस्थता. ती ओळखली नाही आणि आजारच बळावला असं समजून औषधाचा डोस वाढवला, तर माणूस कड्याच्या टोकाशी जातो. आम्ही ते औषध लगेच बंद केलं, अस्वस्थतेवर दुसरं औषध दिलं आणि आठवडाभर रोज फोन केला. पण त्या दिवशी सगळ्यात आधी झालं ते वेगळंच. वडील दवाखान्याच्या पार्किंगमधूनच भावाशी बोलले आणि संध्याकाळ व्हायच्या आत घरातल्या दोन्ही रायफली काकाच्या घरी गेल्या. तो मुलगा पुढे दुसऱ्या औषधावर बरा झाला.

म्हणून औषध निखालस निर्धोक आहे, असं मी कुणालाही सांगत नाही. स्वीडनमधल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, 15 ते 24 वयोगटातल्या मुलामुलींमध्ये अशी औषधं चालू असतानाच्या काळात हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण काहीसं जास्त आढळलं. औषधामुळेच तसं झालं, हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्या त्रासामुळे औषध द्यावं लागलं, तो त्रासही कारण असू शकतो. पण तरुणांना ही औषधं देताना डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं पाहिजे, एवढं त्यातून नक्की कळतं. त्याच देशातला 2014 चा दुसरा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात अँटिसायकोटिक औषधं घेत असलेल्या काळात त्याच रुग्णांचे हिंसक गुन्हे, औषध बंद असतानाच्या काळापेक्षा 45 टक्क्यांनी कमी आढळले. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये क्लोझापिन आणि बायपोलरमध्ये लिथियम आत्महत्येपासून वाचवतं, हे तर आम्ही रोजच्या कामात अनुभवतो.

आणि मनोरुग्णच गोळ्या घालतात, हा समज? ड्यूक विद्यापीठाचे जेफ्री स्वॉन्सन यांनी आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलं. त्यांचा हिशेब असा, की गंभीर मनोविकार उद्या जादूने नाहीसे झाले, तरी अमेरिकेतली हिंसा जेमतेम चार टक्क्यांनी घटेल. उरलेली शहाण्यासुरत्या माणसांच्या रागातून, दारूतून, घरगुती मारहाणीतून आणि टोळीयुद्धांतून येते. एप्रिल 2007 मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबारात 32 जण मारले गेले. त्यांत मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला आलेली एक विद्यार्थिनीही होती, त्यामुळे ही बातमी आपल्याकडच्या घरांतही पोचली. तो हल्लेखोर खरोखर मनाने आजारी होता. पण शवविच्छेदनात त्याच्या शरीरात मनोविकाराचं एकही औषध सापडलं नाही. 2005 च्या डिसेंबरात न्यायाधिकाऱ्याने त्याला उपचार घ्यायला फर्मावलं होतं. ते उपचार झाले नाहीत. तो आदेश बंदूकविक्रीच्या वेळी तपासल्या जाणाऱ्या राष्ट्रीय यादीतही गेला नाही, म्हणून त्याला दोन पिस्तुलं राजरोस विकत मिळाली. हा आदेश कुणी वेळेत नोंदवला असता आणि त्याला कुणी उपचारांपर्यंत नेलं असतं, तर काय झालं असतं, हा प्रश्न औषधाच्या आरोपाखाली गाडला जातो.

याहून मोठी गोष्ट टीव्हीवर क्वचितच येते. 2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 46,728 माणसं दगावली. त्यांतल्या 27,300 जणांनी बंदूक स्वतःवर चालवली होती. दहातली जवळजवळ सहा. शाळा, चर्च, सिनेमागृहांतल्या सामूहिक हत्याकांडांत जाणाऱ्यांची संख्या एकूण मृत्यूंच्या तुलनेत फार थोडी असते. गराजमध्ये, शेताच्या बांधावर, उभ्या पिकअप ट्रकमध्ये मरणाऱ्यांसाठी कॅमेरे येत नाहीत. स्थानिक वर्तमानपत्रात 'राहत्या घरी निधन' एवढीच ओळ येते. माझं काम मुख्यतः या माणसांसाठी आहे.

अशाच एका शेतकऱ्याला त्याची बायको घेऊन आली होती. मक्याची कापणी चालू होती आणि हा माणूस तीन दिवस ट्रॅक्टरवर चढलाच नव्हता. साठी ओलांडलेला, रुंद पंज्यांचा, मोजकं बोलणारा. कर्ज होतं, गुडघे गेले होते, मुलगा शेती सोडून शहरात गेला होता. सगळं ऐकून घेतल्यावर मी बंदुकांचं विचारलं, तसा तो एकदम ताठ झाला.

'सहा आहेत. पण त्या मी कुणाला देणार नाही, डॉक. आधीच सांगून ठेवतो.'

'मी मागत नाहीये,' मी म्हटलं. 'त्या तुमच्याच राहतील. मला एवढंच सांगा, तुम्हाला बरं वाटेपर्यंत त्या कुणाकडे नीट राहतील?'

तो गप्प राहिला. बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. 'माझ्या भावाकडे मोठी तिजोरी आहे,' ती म्हणाली. 'तुम्ही दोघं तिथूनच शिकारीला निघता ना दर वर्षी?'

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, 'पाच देतो. एक राहू दे. कोयोटी येतात कोंबड्यांवर.'

मी टेबलाच्या खणातून केबल लॉक काढून त्याच्यासमोर ठेवलं. प्लास्टिकचं वेष्टण असलेली पोलादी तार आणि टोकाला साधं कुलूप. काडतूस आत सरकतं त्या खाचेतून ही तार ओवायची आणि कुलूप लावायचं, म्हणजे बंदुकीत काडतूस भरताच येत नाही. त्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि किल्ली बायकोकडे दिली. ती तिने आपल्या जुडग्यात घातली. त्यानंतर मी सर्ट्रालिन लिहून दिलं.

हा क्रम मी जाणूनबुजून पाळते. औषधाचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत कधी कधी अंगातला सुस्तपणा आधी जातो आणि मनातली निराशा मागे राहते. बिछान्यातून उठण्याची ताकद येते, पण जगावंसं वाटायला अजून वेळ असतो. नेमका हाच काळ धोक्याचा. ह्यूस्टनमध्ये आत्महत्येच्या गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या तरुणांचा अभ्यास झाला होता. निर्णय आणि कृती यांच्यात किती वेळ गेला, असं विचारल्यावर सुमारे चौघांतल्या एकाने पाच मिनिटांहून कमी सांगितला. अशा प्रयत्नातून जे वाचतात, त्यांच्यातले दहापैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. लाट येते आणि ओसरते. पण बंदूक हाताशी असेल, तर वाचण्याची संधी फार थोड्यांना मिळते. जवळपास दहातले नऊ प्रयत्न जीवघेणे ठरतात. इतर बहुतेक मार्गांत निम्म्याहून कितीतरी अधिक माणसं वाचतात, कुणीतरी दार ठोठावतं, रुग्णवाहिका येते. इस्रायलच्या लष्कराने 2006 मध्ये सैनिकांना साप्ताहिक सुट्टीला घरी जाताना बंदूक छावणीत ठेवायला लावली, आणि त्यांच्यातल्या आत्महत्या 40 टक्क्यांनी घटल्या. त्या सैनिकांचं मन कुणी बदललं नव्हतं. बंदूक फक्त दोन दिवस लांब राहिली होती.

विश्वासाने सुटत नाही, तिथे कायदा लागतो. इंडियानात 2005 पासून असा कायदा आहे. एखादा माणूस स्वतःला किंवा इतरांना इजा करील अशी धास्ती असेल, तर पोलीस त्याच्या बंदुका ताब्यात घेऊ शकतात आणि मग न्यायालयात सुनावणी होते. जेक लेअर्ड या इंडियानापोलिसच्या पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने तो ओळखला जातो. 2004 मध्ये त्याला मारणाऱ्या आजारी माणसाच्या बंदुका पोलिसांनी काही महिन्यांपूर्वीच जप्त केल्या होत्या, पण त्या ठेवून घेण्याचा अधिकार नसल्याने परत कराव्या लागल्या होत्या. कायदा आल्यानंतरच्या दहा वर्षांत इंडियानातल्या बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या साडेसात टक्क्यांनी घटल्या, असा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला.

पण कायदा कुणीतरी वापरावा लागतो. मार्च 2020 मध्ये इंडियानापोलिसमधल्या एका आईने आपल्या मुलाबद्दल पोलिसांना कळवलं. त्यांनी घरी येऊन त्याची शॉटगन नेली. ती त्याला परत मिळाली नाही. मात्र पुढची न्यायालयीन कारवाई झाली नाही, त्यामुळे नवी बंदूक घेण्यावर बंदीही आली नाही. त्याच वर्षी त्याने दोन रायफली रीतसर विकत घेतल्या. 15 एप्रिल 2021 च्या रात्री फेडेक्सच्या गोदामात त्याने आठ जणांना ठार केलं आणि शेवटी स्वतःला. आठांपैकी चौघे शीख समाजातले होते. त्या आठवड्यात इथल्या गुरुद्वाऱ्यांत आम्ही भारतीय डॉक्टर रांगेत बसून लोकांशी बोललो. कुणी औषधांना शिव्या दिल्या, कुणी वंशद्वेषाला. माझ्या मनात मात्र त्या आईचा विचार होता. तिने करायला हवं ते सगळं केलं होतं. तिच्या शब्दापुढचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांच्यापाशी ते अर्ध्यावर थांबलं.

ऑगस्ट 2025 मध्ये मिनिआपोलिसच्या एका चर्चमध्ये मुलांवर गोळीबार झाला आणि देशाच्या आरोग्यमंत्र्यांनीच अँटिडिप्रेसंट औषधांकडे बोट दाखवलं. तेव्हा एका मराठी आईचा फोन आला. तिची सोळा वर्षांची मुलगी फ्लुओक्सेटिनवर होती आणि कित्येक महिन्यांनी पुन्हा शाळेत नियमित जायला लागली होती.

'मॅडम, टीव्हीवर सांगतायत ते खरंय का? आजपासून बंद करू का ते?'

'अचानक काहीही बंद करू नका,' मी सांगितलं. 'मुलीला घेऊन या, आपण तिच्यासमोरच बोलू.' मग मी विचारलं, 'ती मैत्रिणींकडे राहायला जाते ना? त्यांच्या घरी बंदुका कुठे ठेवतात, माहिती आहे?'

'अहो, असं कसं विचारायचं? काय म्हणतील ते?'

इथल्या आपल्या लोकांकडून हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असली तर आपण न संकोचता सांगतो, घरात कुत्रा आहे का विचारतो, पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का तेही विचारतो. बंदुकीचं विचारलं की यजमानांचा अपमान होईल, अशी भीती वाटते. मी त्या आईला शब्दच दिले : 'माझी मुलगी सध्या कठीण दिवसांतून जातेय, म्हणून मी सगळ्यांनाच विचारते. तुमच्याकडे बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?' तिने विचारलं. चारपैकी दोन घरांत बंदूक होती. त्यांतल्या एका घरी ती कपाटाच्या वरच्या खणात, भरलेली, उघडी होती. त्या मैत्रिणीच्या आईने फोनवरच आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी तिजोरी आणली.

महाराष्ट्रात हा धडा वेगळ्या रूपात, बंदुकीऐवजी फवारणीच्या औषधाला, लागू आहे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, त्यानंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचं कर्ज, पाऊस, भाव हे प्रश्न सोडवायलाच हवेत. पण ते सुटेपर्यंत फवारणीचं औषध घरात उघड्यावर नसणं, एवढ्याने काही जीव नक्की वाचतील.

मनोविकाराची औषधं आणि बंदुकीची हिंसा यांचा संबंध शोधायचा असेल, तर जरूर शोधावा, प्रामाणिक अभ्यास व्हावेत, कंपन्यांनी काही लपवू नये. तोवर माझा रोजच्या कामातला निष्कर्ष असा आहे : औषध हा उपचाराचा अर्धा भाग असतो. संकटातला माणूस आणि प्राणघातक वस्तू यांच्यातलं अंतर वाढवणं, हा दुसरा. पहिला भाग डॉक्टरांचा. दुसरा घरच्यांशिवाय होत नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती. घरातलं किंवा ओळखीतलं कुणी गप्प झालं असेल, देणीघेणी मिटवायला लागलं असेल, मनोविकाराचं नवं औषध सुरू झालं असेल, औषध घेऊन अस्वस्थ येरझारा घालत असेल, तर थेट विचारा : जीव द्यावासा वाटतो का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर काहीही आलं, तरी बंदूक किंवा विष त्याच दिवशी घराबाहेर हलवा. चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. अमेरिकेत 988 आणि भारतात टेलिमानसचा 14416 हे मदतीचे क्रमांक रात्रंदिवस चालू असतात, आणि टेलिमानसवर मराठीतही बोलता येतं. हे दोन्ही क्रमांक आजच फोनमध्ये नोंदवून ठेवा.